काळी भिंत आणि अजिंठ्याचा दाखला

दिवाणखान्याच्या भिंतींस गर्द, जवळजवळ काळा रंग द्यावा कीं नाहीं, असा वाद निघाला म्हणजे छत्रपति संभाजीनगरांत कोणी तरी अजिंठ्याचा दाखला देतोच. तेथील भिंती काळवंडलेल्या, तरी जग पाहावयास लोटतें. मग आमच्याच भिंतींनीं काय पाप केलें? गर्द रंग ज्यांस आवडेल त्यांनीं तो खुशाल द्यावा; हा दाखला मात्र आम्हांस ग्राह्य वाटत नाहीं.

अजिंठ्याच्या चिताऱ्यांनीं काळ्या खडकावर तूस व वनस्पतींचे तंतु घातलेला मातीचा गिलावा चढविला, आणि कुंचला उचलण्यापूर्वीं त्यावर पांढरा पातळ लेप दिला. काजळीचा काळा रंग त्यांच्यापाशीं होता. पहिल्या लेण्यांतील पद्मपाणीच्या मागची भूमि गडद आहे हेंहि खरें. पण ती मूर्ति उजळून दिसावी म्हणून!

आज दिसणारा काळोख बराचसा मागाहूनचा आहे. धूर, वटवाघळें, आणि दुर्दैवानें चित्रांचे हितचिंतकहि! 1872 पासून ग्रिफिथ्स व मुंबईच्या कलाशाळेचे विद्यार्थी नकला करीत असतां मूळ चित्रांवर व्हार्निश फासलें गेलें. पुढें 1920 ते 1922 च्या सुमारास निजाम सरकारनें बोलाविलेल्या चेक्कोनी व ओर्सिनी या इटालियन तज्ज्ञांनीं, पापुद्रे गळूं नयेत या सद्धेतूनें, लाखेचें रोगण चढविलें. तें कालांतरानें पिवळें, मग तपकिरी पडलें. पुरातत्त्व खात्याच्या रसायनज्ञांनीं जेथें जेथें तें जपून काढलें, तेथें खालचे रंग पुष्कळच उजळ निघाले.