डॅनियल लतिफी विरुद्ध भारत सरकार

डॅनियल लतिफी विरुद्ध भारत सरकार हा भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने २८ सप्टेंबर २००१ रोजी निकाली काढलेला खटला आहे. मुस्लिम महिला (घटस्फोटानंतरच्या हक्कांचे संरक्षण) अधिनियम, १९८६ हा संविधानाशी सुसंगत आहे काय, हा प्रश्न पाच न्यायाधीशांच्या घटनापीठापुढे होता.

== पार्श्वभूमी ==
इंदूर येथील शाहबानो यांचा विवाह १९३२ मध्ये झाला होता. १९७८ मध्ये पतीने त्यांना तलाक दिला. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ अन्वये दंडाधिकाऱ्यांनी त्यांना दरमहा २५ रुपये पोटगी मंजूर केली. मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने ती १७९.२० रुपये केली. पतीचे अपील सरन्यायाधीश यशवंत विष्णु चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील घटनापीठाने २३ एप्रिल १९८५ रोजी फेटाळले. या निकालास अनेक मुस्लिम संघटनांनी तीव्र विरोध केला. त्यानंतर राजीव गांधी सरकारच्या काळात १९८६ चा कायदा संमत झाला. शाहबानो यांचे वकील डॅनियल लतिफी यांनी त्यास आव्हान दिले.

== वादाचा मुद्दा ==
कलम ३ नुसार घटस्फोटित स्त्रीस मेहर व विवाहप्रसंगी मिळालेली मालमत्ता यांखेरीज इद्दतच्या मुदतीत 'वाजवी व न्याय्य तरतूद आणि निर्वाहखर्च' मिळण्याचा हक्क आहे. इद्दत सामान्यतः सुमारे तीन महिन्यांची असते. पतीचे दायित्व तेवढ्यापुरतेच मानल्यास पुढे स्त्रीला कलम ४ प्रमाणे तिच्या वारस ठरू शकणाऱ्या नातेवाइकांवर व अखेरीस वक्फ मंडळावर अवलंबून राहावे लागले असते. असा भेद संविधानाच्या अनुच्छेद १४, १५ व २१ चा भंग करतो, असे याचिकाकर्त्यांचे म्हणणे होते. उच्च न्यायालयांतही मतभेद होते. आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने मर्यादित अर्थ स्वीकारला होता, तर मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने २००० मध्ये व्यापक अर्थ मान्य केला होता.

== निकाल ==
न्या. एस. राजेंद्र बाबू यांनी निकालपत्र लिहिले. 'तरतूद' आणि 'निर्वाहखर्च' या दोन भिन्न गोष्टी असून इद्दत ही तरतूद करून देण्याची मुदत आहे. ती तरतूद किती काळ पुरावी याची मर्यादा नव्हे, असे न्यायालयाने म्हटले. म्हणून पतीने इद्दत संपण्यापूर्वीच स्त्रीच्या भावी आयुष्याचा विचार करून तरतूद केली पाहिजे. या अर्थाने कायदा वैध ठरविण्यात आला.

== परिणाम ==
या निकालामुळे कायदा रद्द न होता शाहबानो निकालातील मूळ तत्त्व टिकून राहिले. १० जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने घटस्फोटित मुस्लिम स्त्रीस कलम १२५ खालीही पोटगी मागता येते, असे स्पष्ट केले.