तंजावरचे रुमाल

मराठ्यांच्या इतिहासांत तंजावरचें प्रकरण आलें म्हणजे आपण तें बहुधा घाईनें उलटतों. व्यंकोजी राजांनीं इ. स. १६७६ च्या सुमारास तेथें राज्य स्थापिलें. थोरल्या बंधूंशीं, म्हणजे शिवछत्रपतींशीं, त्यांचा वांट्यावरून तंटा झाला. आणि १८५५ सालीं दुसरे शिवाजी राजे पुत्रावांचून वारले, तेव्हां कंपनी सरकारनें तें राज्य खालसा केलें. एवढ्यावर जवळजवळ १८० वर्षांची वासलात लागते. आम्ही स्वतः २५ वर्षें वर्गांत याहून अधिक कांहीं सांगितलें नाहीं, हें कबूल करणें भाग आहे. तंजावरास जाऊन सरस्वतीमहाल ग्रंथालयांत चार दिवस बसल्यावर मात्र या तीन वाक्यांची आम्हांस लाज वाटूं लागली.

हें ग्रंथालय मूळचें राजवाड्यांतलें. नायक राजांचा पुस्तकसंग्रह भोसल्यांकडे आला, त्यांनीं तो वाढविला, आणि दुसऱ्या सरफोजी राजांनीं (१७९८-१८३२) त्यास खरी कळा आणिली. डॉ. बर्नेल यांनीं १८८० सालीं येथील संस्कृत पोथ्यांची यादी छापून प्रसिद्ध केली, आणि १९१८ सालीं हा संग्रह सर्व लोकांस खुला झाला. विद्वानांचा ओघ संस्कृत पोथ्यांकडे असतो, तें साहजिकच आहे. संग्रहाचा मोठा भाग त्यांचाच. सरफोजी राजांच्या धन्वंतरी महालांतील नेत्ररोग्यांच्या नोंदी, त्यांतील डोळ्यांच्या चित्रांसह, आतां पुष्कळांच्या परिचयाच्या झाल्या आहेत. परंतु आमचें चित्त वेधलें तें मराठी राज्याच्या मोडी दफ्तरानें. या दफ्तराची मोजदाद १३४२ रुमाल अशी सांगतात. त्यांतील कांहीं पुढें तेथील तमिळ विद्यापीठाकडे गेले. रुमाल म्हणजे फडक्यांत बांधलेला कागदांचा गठ्ठा, हें आमच्या वडिलांच्या पिढीस सांगावें लागलें नसतें.

तंजावरांत मराठी इतिहास पाहूं जाणारास प्रथम दाखवितात तो बृहदीश्वराच्या देवळाच्या भिंतीवरचा १८०३ चा शिलालेख. भोसले कुळाची कथा त्यांत सविस्तर कोरविली आहे, आणि चोळांनीं बांधलेल्या त्या प्रचंड मंदिरांत आपली भाषा भेटतांच मन भरून येतें. तथापि दगडावर राजास जें सांगावयाचें असतें तेंच येतें. कारकुनाच्या कागदाची गोष्ट वेगळी. त्यास कोणावर छाप पाडावयाची नसते. संध्याकाळीं जमाखर्चाचा मेळ बसला म्हणजे झालें.

छत्रांचेंच उदाहरण घ्या. छत्र म्हणजे वाटसरूंसाठीं धर्मशाळा आणि अन्नसत्र. रामेश्वराच्या यात्रेकरूंची वाट या राज्यांतून जात असे, आणि तिच्यावर राजांनीं ठिकठिकाणीं छत्रें घातलीं होतीं. ओरत्तनाडूचें मुक्तांबापुर, नीडामंगलमचें यमुनांबापुर अशीं कित्येक राजघरांतील स्त्रियांच्या नांवें ओळखलीं जात. १७९९ च्या तहानें मुलुखाचा कारभार कंपनीकडे गेला, आणि सरफोजी राजांकडे किल्ला व भोंवतालचा थोडा प्रदेश तेवढा उरला. तेव्हां या छत्रांचें उत्पन्न बुडूं नये म्हणून १८०१ सालीं त्यांनीं इंग्रज रेसिडेंटास पत्र लिहिलें. ब्राह्मणापासून अंत्यजापर्यंत आणि जोग्यापासून फकिरापर्यंत सर्वांस तेथें अन्न मिळतें, आजाऱ्यांस वैद्य व लेकरांस दूध मिळतें, आणि मध्यरात्रीं घंटा वाजवून जो कोणी उपाशी राहिला असेल त्यास बोलावितात, असा त्यांतील मजकूर आहे.

हें पत्र इतिहासकारांस प्रिय आहे, आणि तें हृदयंगम आहेच. पण तें अर्जदाराचें पत्र आहे, हें विसरून कसें चालेल? ती घंटा खरोखर वाजत होती काय? कोणत्या पंक्तीस कोण बसे, आणि कोणास शिधा बाहेर मिळे? याचें उत्तर किती तांदूळ शिजला, किती पानें मांडलीं आणि आचाऱ्यास काय दिलें, अशा रुक्ष हिशेबांतच सांपडावयाचें. शिवाय त्या हिशेबांत कावेरीकांठच्या तमिळ गांवांचीं नांवें मराठी कारकुनाच्या वळणांत येतात. त्या प्रांताचा खरा स्थानिक इतिहास तोच. आपला कीं त्यांचा, असा वाद घालण्यास तेथें जागाच उरत नाहीं.

दुसऱ्या दिवशीं तेथील एका गृहस्थांनीं मोठ्या आदरानें एक पान आमच्यापुढें ठेविलें आणि इंग्रजींत म्हटलें, "साहेब, आपण महाराष्ट्रांतले. हें आपणच आम्हांस वाचून दाखवावें." आम्ही चष्मा पुसला, पान उजेडाकडे धरिलें, आणि अखेर मान हालविली. मोडींत शब्द तोडून लिहीत नाहींत, ऱ्हस्वदीर्घ पाळीत नाहींत, इत्यादि सबबी आम्हीं सांगितल्या. त्या खऱ्या होत्या, पण तिसरी सबब सांगितली नाहीं. वडिलांच्या पश्चात् आमच्या घरचें असेंच दफ्तर आम्हीं रद्दींत घातलें होतें. ट्रंकेच्या तळाशीं चुकून राहिलेले पांच-सहा कागद तेवढे वांचले.

मग त्या गृहस्थांनीं एक तमिळ ग्रंथ आणून दाखविला. तंजावरच्या मोडी कागदांचा निवडक तमिळ अनुवाद विद्यापीठानें १९८९ सालीं टिपांसह प्रसिद्ध केला आहे. तेथील शाळामास्तर आपल्या गांवच्या छत्राची माहिती त्यांत शोधूं शकतो. मूळ कागद मराठी, त्यांस डोळे तमिळ, आणि आम्ही मराठीचा अभिमान सांगणारे मधल्यामध्यें निरक्षर! त्या पंडितांविषयीं आमच्या मनांत कृतज्ञताच आहे; राग आला तो स्वतःचा.

परत आल्यावर आम्हीं मोडीची बाराखडी गिरवूं लागलों आहों. ट्रंकेंतला एक कागद रोज रात्रीं समोर घेतों. त्यावरचा एक आंकडा आणि त्यापुढील 'तांदूळ' हा शब्द लागला. अलीकडे एका गांवाचें नांव आहे, तें अजून लागत नाहीं.