फुलीचा टाका आणि देणारा हात

हातात सुई-दोरा असेल तर असू द्या. हरभऱ्याची भाजी निवडायला घेतली असेल तर तेही चालू द्या. आजची गोष्ट जुन्या काळाची आहे, पण सुरुवात आपल्या डोणगावातूनच करते.

२०२० सालचा डिसेंबर. टाळेबंदी उठली होती, पण घरातली ओढाताण उठली नव्हती. पुण्या-मुंबईहून परत आलेली पोरं घरीच बसून होती. कित्येकींचं सोयाबीन काढणीच्या पावसात भिजलं होतं. उन्हाळ्यात मास्क शिवून गटातल्या बायांना चार पैसे मिळाले होते, तेही काम संपलं होतं. अंतर्गत कर्जाचे हप्ते थकले होते आणि ते कसे वसूल करायचे, हा मला घोर लागला होता.

अशा बैठकीत एका ताईंनी विषय काढला. दवाखान्यातल्या सिस्टरबाई नाताळ पाळतात. त्यांना यंदा घरी जायला सुट्टी नाही. वर्षभर त्यांनी आपल्याला सांभाळलं, तर आपण त्यांच्यासाठी मॅटीच्या कापडावर फुलीच्या टाक्याचे तारे, घंटा भरून द्याव्यात. मी लगेच म्हटलं, "ताई, हप्ते भरायला पैसे नाहीत आणि दोऱ्याला कुठून आणायचे?" तेव्हा कोपऱ्यात बसलेल्या एक मावशी बोलल्या, "मांगाले त रोजच जातो आपून. एकडाव द्यायले जाऊ."

मी गप्प झाले. त्या वाक्याचा अर्थ मला नंतर, जुना इतिहास वाचताना उमगला.

आधी टाक्याबद्दल सांगते. दोन तिरप्या रेघा एकमेकींवर टाकल्या की फुली होते. लिहिता न येणारी बाईही अंगठ्याऐवजी फुली करायची, तीच ही फुली. आपण रुखवतात मॅटीवर मोर, पोपट भरतो तो हाच टाका. आपल्या भागातल्या तांड्यांवर बंजारा भगिनींच्या जुन्या पिशव्या पाहा, त्यांवरही हा टाका दाट भरलेला दिसतो. कर्नाटकातल्या धारवाडकडच्या कसुतीत याला मेंथी म्हणतात, म्हणजे मेथीचा दाणा. या टाक्याला महागडं काही लागत नाही. कापडाची घरं मोजता आली की झालं. म्हणूनच तो गरिबाच्या घरात टिकला आणि संकटातही हाताशी राहिला.

आता आपण सव्वाशे वर्षं मागे जाऊ. १८९६-९७ मध्ये मोठा दुष्काळ पडला आणि लगेच १८९९-१९०० मध्ये दुसरा. संवत १९५६ मधला म्हणून लोक त्याला छप्पनिया म्हणत. आपलं वऱ्हाडही त्यात होरपळलं. सरकारनं दुष्काळी कामं काढली. बाया-माणसं खडी फोडायची, रस्त्यावर माती टाकायची आणि दिवसाच्या शेवटी पोटापुरती मजुरी घ्यायची. ज्या लेकरांचे आईबाप गेले, त्यांना तेवढाही आधार नव्हता.

त्या वेळी पंडिता रमाबाई पुण्याहून मध्य प्रांतात गेल्या. रमाबाईंना दुष्काळ पुस्तकातून कळलेला नव्हता. १८७० नंतरच्या दक्षिणेकडच्या दुष्काळात त्यांचे वडील, आई आणि मोठी बहीण थोड्या महिन्यांच्या अंतरानं गेले होते. तेव्हा रमाबाई जेमतेम सोळा-सतरा वर्षांच्या होत्या. पुढे त्या शिकल्या, विधवा झाल्या, इंग्लंड-अमेरिकेला जाऊन आल्या, ख्रिस्ती झाल्या आणि १८८९ मध्ये मुंबईत त्यांनी शारदा सदन काढलं. मध्य प्रांतातून त्यांनी सुमारे तीनशे मुली आणि बाया आणल्या. त्यांच्यासाठी पुणे जिल्ह्यातल्या केडगावला मुक्ती सदन उभं राहिलं. दुसऱ्या दुष्काळानंतर तिथली संख्या जवळपास दोन हजारांवर गेली.

दोन हजार जणींना नुसतं जेवू घालणं हेच केवढं काम! पण रमाबाई तेवढ्यावर थांबल्या नाहीत. मुलींना लिहायला-वाचायला शिकवलं. विणकाम, शिवणकाम, भरतकाम, शेती, दूधदुभतं, घाण्यावर तेल काढणं, छापखान्यात खिळे जुळवणं, जिला जे जमेल ते तिच्या हाती दिलं. आणि मला सर्वांत मोठी वाटते ती गोष्ट अशी: दुसऱ्या दुष्काळातल्या मुली जेव्हा हाडांचे सापळे होऊन आल्या, तेव्हा त्यांना न्हाऊ-माखू घालायला, जेवू घालायला, शिकवायला पहिल्या दुष्काळातून वाचलेल्या मुली पुढे झाल्या. तीन वर्षांपूर्वी ज्या स्वतः उपाशी आल्या होत्या, त्यांच्या हाताला आता देणं आलं होतं.

आता केडगावहून समुद्रापार सिंगापूरला जाऊ. फेब्रुवारी १९४२ मध्ये, दुसऱ्या महायुद्धात, जपाननं सिंगापूर घेतलं. तिथल्या परदेशी बाया-लेकरांना चांगीच्या तुरुंगात कोंडलं. नवरे जवळच, पण वेगळ्या भागात. जिवंत आहेत की नाहीत, हे कळायला मार्ग नव्हता. एथेल मल्वानी नावाच्या कॅनडाच्या बाईंनी एक युक्ती काढली. प्रत्येकीला सहा इंची चौकोनी तुकडा दिला आणि सांगितलं, यावर आपलं काहीतरी भरा आणि नाव घाला. असे ६६ तुकडे जोडून एक गोधडी, अशा तीन गोधड्या झाल्या. एक जखमी ब्रिटिश सैनिकांसाठी, एक ऑस्ट्रेलियन आणि एक जपानी सैनिकांसाठी. जपानी गोधडी केली तर बाकीच्या दोन बाहेर जाऊ देतील, असा त्यामागचा विचार असावा. दवाखान्यात गोधडी पोचली आणि तिच्यावरची नावं वाचून कित्येकांना कळलं की आपली बायको जिवंत आहे. आपण लुगड्यांच्या तुकड्यांची गोधडी शिवतो ना, तसंच. फक्त त्या गोधडीनं चिठ्ठीचं काम केलं.

त्याच युद्धात फुलीचा टाका एका पुरुषानंही हाती धरला होता. मेजर कॅसडाग्ली हे ब्रिटिश अधिकारी जर्मनांच्या कैदेत होते. डिसेंबर १९४१ मध्ये, म्हणजे ऐन नाताळच्या महिन्यात, त्यांनी एक कापड भरलं. दोरा कुठून आणला? एका म्हाताऱ्या सेनापतीचं जुनं लोकरी स्वेटर उसवून! वरून पाहिलं तर नाव, तारीख आणि नक्षी. पण काठावरचे ठिपके आणि रेघा म्हणजे तारेची सांकेतिक लिपी होती आणि तिच्यात हिटलरला चक्क शिवी भरलेली होती. जर्मनांना ती वाचता आली नाही. चांगलं काम आहे म्हणून त्यांनीच ते कापड इतर छावण्यांत मांडलं.

आता पुन्हा डोणगाव. त्या बैठकीनंतर एका ताईंच्या पेटीतून रुखवताचं उरलेलं अर्धा मीटर मॅटीचं कापड निघालं. दोऱ्याच्या अर्ध्या-अर्ध्या लड्या घराघरातून आल्या. सहा पदरी दोऱ्याचे दोन पदर काढून भरायचं, खालच्या सगळ्या तिरप्या रेघा एकाच बाजूला घ्यायच्या, मग वरच्या. नाहीतर काम खरखरीत दिसतं, हे मावशींनीच पोरींना शिकवलं. आत ताठपणासाठी जुन्या लग्नपत्रिका कापून घातल्या, थोडा कापूस भरला आणि वर दोऱ्याचा फासा केला. अकरा जणींनी मिळून २२ तारे आणि घंटा केल्या. गटाच्या पेटीतून एक रुपयाही गेला नाही.

सिस्टरबाईंनी ते दाराशी लावले. दिवाळीला आपला आकाशकंदील असतो, तसा त्यांचा तारा. त्या थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "यंदा माझ्या घरचं कोणी येणार नव्हतं." मावशींनी पदरानं डोळे पुसले आणि म्हणाल्या, "आमी आलो ना."

मैत्रिणींनो, त्यानं हप्ते फिटले नाहीत. ते पुढच्या हंगामात, थोडे थोडे करून फिटले. पण पुढच्या बैठकीला, गेले तीन महिने तोंड चुकवणाऱ्या दोघी जणी स्वतःहून येऊन बसल्या. सतत घेणेकरी म्हणून बसायची लाज वाटत होती, असं एकीनं नंतर मला सांगितलं. माझ्या हिशेबाच्या वहीत ही गोष्ट लिहायला रकाना नव्हता, म्हणून मी तेव्हा नाही म्हटलं होतं.

कर्ज, मदत, धान्य हे सगळं लागतंच. रमाबाईंनीही आधी भाकरीच दिली. पण मदत घेता घेता बाईचा हात कायमचा पसरलेला राहू नये, याकडे त्यांचं लक्ष होतं. तुमच्या गटात यंदा कुणाचं पीक गेलं असेल, कुणाच्या घरी दुखणं असेल, तर तिला मदत कराच. आणि पुढच्या बैठकीत तिच्याकडून काहीतरी मागा. एखादा टाका शिकवायला सांगा, एखादी ओवी म्हणायला लावा. तीही काही देऊ शकते, हे तिला आणि आपल्याला दिसू द्या.

सिस्टरबाईंची पुढे बदली झाली. जाताना त्यांनी सगळे तारे नेले, पण एक घंटा गटासाठी ठेवून गेल्या. ती आमच्या बैठकीच्या खोलीत खिळ्याला टांगली आहे. डोणगावला आलात तर बघून जा.