टाकीवर कोण चढणार?

गेल्या पावसाळ्यात एका सकाळी महापालिकेचा कर्मचारी आमच्या इमारतीत आला. दुसऱ्या मजल्यावरचा नऊ वर्षांचा मुलगा डेंग्यूने हॉस्पिटलमध्ये होता आणि त्याच्या प्लेटलेट्सचे आकडे सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रोज येत होते. कर्मचारी थेट गच्चीवर गेला, शिडीवरून टाकीवर चढला, फुटलेल्या झाकणावर ठेवलेली वीट उचलली आणि आत टॉर्च मारला. मग पांढऱ्या भांड्यात थोडं पाणी काढून त्याने ते सेक्रेटरीकाकांसमोर धरलं. पाण्यात आळ्या वळवळत होत्या.

"अहो, पण आमचं पेस्ट कंट्रोलचं वर्षाचं कॉन्ट्रॅक्ट आहे!" काका म्हणाले.

ते खरंच होतं. दर तीन महिन्यांनी पाठीला पंप लावलेला एक मुलगा येतो, मोरीत आणि ओट्याखाली फवारतो. दोन दिवस घराला वास येतो, चार झुरळं उताणी पडलेली दिसतात आणि पैसे वसूल झाल्यासारखं वाटतं. टाकीवर चढणं त्या कॉन्ट्रॅक्टमध्ये नव्हतं.

त्यानंतर तो माणूस घरोघरी फिरला. माझ्या खिडकीत मनी प्लांटची बाटली आहे. तिचं पाणी किती दिवसांत बदललं नव्हतं, मला आठवेना. त्याने बाटली उजेडात धरली आणि काही न बोलता माझ्याकडे बघितलं. डेंग्यूचा डास फार लांब उडत नाही, बहुतेक वेळा शे-दोनशे मीटरच्या आतच फिरतो. तो मुलगा माझ्या बरोबर खालच्या घरात राहतो. त्याला कुठल्या पाण्यातला डास चावला हे कधीच कळणार नाही. पण तेव्हापासून ही बाटली माझ्या डोक्यातून जात नाही.

सोसायटीला नोटीस आली. मुंबई महानगरपालिका अधिनियम १८८८, कलम ३८१ ब. मी त्या सालापाशी अडकले. १८८८मध्ये डासामुळे हिवताप होतो हे कुणीच सिद्ध केलेलं नव्हतं. रोनाल्ड रॉसला डासाच्या पोटात हिवतापाचा परोपजीवी दिसला तो १८९७च्या ऑगस्टमध्ये, सिकंदराबादला. म्हणजे डासांचा हा मामला कायद्यात मागाहून आला. तो कसा आला हे शोधायला गेले, तर आधी उंदीर भेटले.

१८९६च्या सप्टेंबरमध्ये मांडवीत डॉ. अकासियो व्हिएगस या मूळच्या गोव्याच्या डॉक्टरांनी प्लेग ओळखला. मांडवी म्हणजे बंदराला लागून असलेली धान्याच्या गोदामांची वस्ती. जहाजं, पोती, दाणे आणि उंदीर. प्लेगचा जंतू दोनच वर्षांपूर्वी, १८९४मध्ये, हाँगकाँगला सापडलेला होता. पण तो माणसापर्यंत पोचतो कसा, हे माहीत नव्हतं. घाण, कोंदट हवा आणि दमट जमीन यांत रोग असतो, असा तेव्हाचा पक्का समज.

मग शहराने वासाशीच लढाई सुरू केली. गटारांमध्ये समुद्राचं पाणी आणि कार्बोलिक अ‍ॅसिड सोडलं. भिंतींना चुना मारला, उजेड यावा म्हणून छपरांची कौलं काढली, अंथरुणं-कपडे जाळले. राहण्यास अयोग्य ठरलेल्या घरांवर 'यूएचएच' ही अक्षरं रंगवली जात. रोगी शोधायला पथकं घरात शिरत, आजाऱ्याला हॉस्पिटलात नेत आणि उरलेल्यांना छावणीत. हॉस्पिटलात गेलेला माणूस परत येत नाही, अशी लोकांची खात्री झाली होती. २९ ऑक्टोबर १८९६ला सुमारे हजारभर गिरणी कामगार आर्थर रोडच्या हॉस्पिटलवर चालून गेले. पुढच्या फेब्रुवारीत साथरोग कायदा आला (२०२०मध्ये ज्याचा आधार घेतला गेला, तोच हा). पुण्यात घरं तपासायला गोरे सैनिक लावले आणि २२ जून १८९७च्या रात्री चाफेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली. ही गोष्ट आपण शाळेत वाचतो. त्या तपासणीत नेमकं काय शोधत होते, हे मात्र मी तरी शाळेत कधी विचारलं नाही.

१८९१च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या ८,२१,७६४ होती, १९०१मध्ये ७,७६,००६. गिरण्या वाढत असलेल्या शहरात दहा वर्षांनी माणसं कमी भरली. काही मेली, काही पळाली आणि काही घाबरून परतलीच नाहीत.

घरात शिरून कीड-रोग घालवण्याची एवढी मोठी सरकारी मोहीम या शहराने त्याआधी पाहिली नव्हती. आणि ज्याला मारायचं होतं ते तिच्या यादीतच नव्हतं. प्लेग पसरवत होती उंदरावरची पिसू. गटारांत अ‍ॅसिड सोडल्याने उंदीर बाहेर पडून माणसांच्या घरांत घुसले असावेत, असं नंतरच्या काही अभ्यासकांचं म्हणणं आहे. तसं झालं असेल, तर वास गेला आणि रोग घरात आला.

गावाकडच्या लोकांना मात्र एक गोष्ट ठाऊक झाली होती. "उंदीर पडायला लागले" की गाव सोडायचं आणि शेतात झोपड्या घालून राहायचं. पिसूचं नाव त्यांना माहीत नव्हतं, पण मेलेला उंदीर काय सांगतो हे कळत होतं. आजही एखाद्या घरातल्या पणजीच्या आठवणीत 'प्लेगच्या झोपड्या' निघतात.

पॉल-लुई सिमों या फ्रेंच डॉक्टरने १८९८मध्ये कराचीत प्रयोग करून पिसूचा दुवा दाखवला. पुढची कित्येक वर्षं त्याच्यावर फारसा कुणी विश्वास ठेवला नाही. १९०५पासून प्लेगच्या संशोधनासाठी नेमलेल्या मंडळींनी परळच्या प्रयोगशाळेत, म्हणजे आजच्या हाफकिन संस्थेत, ते नीट तपासलं. गिनीपिगचे काही पिंजरे जमिनीलगत ठेवले, तर काही पिसूची उडी पोचणार नाही इतके उंच टांगले. वरचे वाचले. शहरभरातून पकडलेले उंदीर इथे येत आणि कुठला उंदीर कुठल्या गल्लीतला याची नोंद होई.

तिथून कामाची जातच बदलली. पिंजरे लावा, बिळं बुजवा, धान्य झाका, कचरा उचला, आणि पुढच्या महिन्यात पुन्हा हेच करा. त्यात कुणी हुतात्मा होत नाही, म्हणून ते पाठ्यपुस्तकात नाही. जीव मारायला तयार नसलेली कुटुंबं होती, पिंजऱ्यातला उंदीर गुपचूप सोडून देणारेही होते. तरी ते काम चालू राहिलं. मुंबई महापालिकेकडे आजही रात्री उंदीर मारणारे कामगार आहेत. एका हातात टॉर्च, दुसऱ्यात काठी, रात्रीला तीस उंदरांचं उद्दिष्ट. आपण रात्री दोन वाजता रील बघत असतो, तेव्हा मागच्या गल्लीत कुणीतरी एकोणतिसावा शोधत असतो.

उंदरांनंतर डासांची पाळी आली. हिवताप दलदलीतून येतो ही समजूत रॉसनंतरही टिकून होती. पण फोर्टात दलदल कुठली? १९११मध्ये डॉ. चार्ल्स बेंटली यांनी मुंबईच्या हिवतापावर अहवाल दिला आणि बोट ठेवलं ते विहिरींवर. शहरातल्या हिवतापाच्या डासाला, अ‍ॅनॉफिलीस स्टिफेन्सीला, घाण पाणी आवडत नाही. त्याला हवं आपल्यासारखंच स्वच्छ, स्थिर, सावलीतलं पाणी. घरच्या विहिरीत, हौदात आणि गच्चीवरच्या टाकीत ते मिळत होतं.

विहिरी बुजवा किंवा झाका, असं ठरलं. तोवर विहारचं पाणी १८६०पासून आणि तानसाचं १८९२पासून नळाने येत होतं. त्यामुळे विहिरी लागतातच कशाला, हे अधिकाऱ्यांना समजेना. पण विहीर म्हणजे नुसतं पाणी नव्हे. पारशी धर्मविधींना विहिरीचं पाणी लागतं, अनेक हिंदू घरांत देवाच्या पूजेलाही तेच हवं. तक्रारी झाल्या, अर्ज झाले. काही विहिरी बुजल्या, काही झाकल्या, काही वाचल्या. चर्चगेटजवळची १७२५ची भिखा बेहराम विहीर अजून आहे. मला या भांडणात दोन्ही बाजू पटतात, आणि हे लिहिताना जरा अडचणीचं होतं. विहिरीवर दिवा लावणारी बाई अडाणी नव्हती आणि बेंटलीही चुकत नव्हता.

विहिरी गेल्या तरी डास गेला नाही, तो वर चढला. नळाला पाणी ठरावीक वेळी येणार, म्हणजे साठवण आली. साठवण म्हणजे टाक्या. मुंबईच्या बांधकामाच्या नियमांत म्हणूनच टाकीला बिजागरीचं, कुलूप लागेल असं ओतीव लोखंडाचं झाकण, हवेच्या नळीला जाळी आणि वर चढायला शिडी सांगितली आहे. शिडीशिवाय कुणी तपासायला चढणार नाही, हे नियम लिहिणाऱ्याला माहीत होतं.

याच सुमारास कोकणात माझ्या आजीच्या घरी पेस्ट कंट्रोल हा शब्द नव्हता, पण त्याचं वेळापत्रक होतं. वैशाखात धान्य, डाळी, गाद्या उन्हात. तूरडाळीला एरंडेलाचा हात, तांदळात कडुनिंबाचा पाला. पाऊस लागायच्या आधी खांब आणि वासे ठोकून बघायचे; पोकळ आवाज आला की वाळवी. मग तिथे काजूच्या टरफलाचं तेल. संध्याकाळी धुरी. हे सगळं बायका करत आणि त्याला कुणी काम म्हणत नसे. याचं फार कौतुक करायला मी बसलेले नाही. त्या धुरीने हिवताप थांबला नव्हता. आजीचे दोन दीर तापानेच गेले. पण ठरलेल्या वेळी खांब ठोकून बघायचा, एवढी शिस्त त्यात होती.

ही शिस्त नकोशी वाटायला लावणारं औषध मग आलं. डीडीटीचा कीटकनाशक गुण पॉल म्यूलरने १९३९मध्ये शोधला, १९४८मध्ये त्याला नोबेल मिळालं. रक्त पिऊन जड झालेला डास घराच्या भिंतीवर टेकतो, म्हणून भिंतीवरच औषध मारायचं. तेव्हाच्या मुंबई प्रांतात, कारवार-धारवाडकडे, डॉ. डी. के. विश्वनाथन यांनी १९४६पासून हे मोठ्या प्रमाणावर करून दाखवलं. फवारणीवाला गावात आला की ढेकूणही मरत, म्हणून लोक सुरुवातीला खूश असत. पुढे ढेकणांना त्याची सवय झाली आणि लोकांचा उत्साह मावळला. १९५३मध्ये देशभर नियंत्रणाचा कार्यक्रम सुरू झाला आणि १९५८मध्ये त्याचं नाव बदलून थेट 'निर्मूलन' झालं. १९६५पर्यंत देशातले हिवतापाचे रुग्ण लाखाच्या आसपास आले. मग ढिलाई आली, औषध वेळेवर पोचेना, डास औषधाला दाद देईनात. शहरांतल्या टाक्या तर त्या कार्यक्रमात जवळपास नव्हत्याच. शहरांसाठी वेगळी योजना १९७१मध्ये आली. १९७६मध्ये आकडा ६४ लाखांवर गेला होता.

आमच्या गच्चीचा हिशोब इथेच लागतो. आपल्याकडच्या दमट उकाड्यात डासाचं अंडं ते उडणारा डास हा प्रवास साधारण सात ते दहा दिवसांचा. म्हणून आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा, असं आरोग्य खातं वर्षानुवर्षं सांगतंय. डेंग्यूच्या डासाची अंडी भांड्याच्या कडेला चिकटतात आणि कोरडी राहूनही महिनोन्‌महिने टिकतात, म्हणून नुसतं पाणी ओतून भागत नाही, कडा घासायला लागतात. तीन महिन्यांच्या कॉन्ट्रॅक्टच्या दोन फवारण्यांमध्ये असे तेरा आठवडे जातात.

दुसऱ्या मजल्यावरचा मुलगा बारा दिवसांनी घरी आला. मी खाली भेटायला गेले. बाटलीचं काही बोलले नाही. त्याच्या आईने चहा दिला, "तुमच्याकडेही तो माणूस आला होता ना?" असं विचारलं आणि मी "हो" म्हणाले.

सोसायटीच्या मीटिंगमध्ये नवीन झाकण मंजूर झालं, लोखंडी, कुलपाचं. दर रविवारी टाकीवर कोण चढणार यावर पाऊण तास चर्चा झाली. वॉचमनच्या पगारात ते बसत नाही असं कुणी म्हणालं, काकांचे गुडघे दुखतात. शेवटी मी हात वर केला. आता किल्ली माझ्याकडे, फ्रिजच्या बाजूच्या खिळ्यावर असते. मागच्या रविवारी पाऊस होता, शिडी निसरडी होती, म्हणून सोमवारी चढले.