लडाखच्या थंडीत स्लॅब कसा टाकतात? पहिली रात्र सांभाळली तरच काँक्रीट टिकतं

आपल्याकडे स्लॅब टाकायचा म्हटलं की पावसाची धास्ती. लडाखमधल्या लेहला वर्षभरात पाऊस-बर्फ मिळून साधारण १०० मिलिमीटरच पडतो, तिथल्या गवंड्याला धास्ती असते ती रात्रीची. लेह सुमारे ३,५०० मीटर उंचीवर आहे. हिवाळ्यात पारा उणे २० अंशांच्या आसपास जातो. त्यामुळे काँक्रीटचं काम मे ते सप्टेंबर या दिवसांत उरकावं लागतं. ऑक्टोबरमध्ये दिवसा कडक ऊन आणि रात्री बादलीतलं पाणी गोठलेलं, अशी गत असते. तरीही माल उशिरा आला, मजूर उशिरा मिळाले, की राहिलेला स्लॅब थंडीत टाकायची वेळ येतेच. इथे एक रात्र चुकली तर वर्षभराची कमाई पाण्यात जाते.

नेमकं बिघडतं काय?

काँक्रीट सुकून घट्ट होतं, हा आपल्याकडचा मोठा गैरसमज आहे. सिमेंट आणि पाणी यांच्यात रासायनिक क्रिया होते, म्हणून ते घट्ट होतं. हवा ५ अंशांच्या खाली गेली की ही क्रिया फार मंदावते. भारतीय मानकातही ५ अंशांखालचं काम 'थंड हवेतलं काँक्रीट' म्हणून वेगळं धरलं आहे. त्याहून वाईट म्हणजे पाणी गोठलं की सुमारे ९ टक्के फुगतं आणि ओलं काँक्रीट आतून फोडतं.

यात फसगत अशी, की गोठलेला स्लॅब सकाळी दगडासारखा कडक लागतो. तो कडकपणा बर्फाचा असतो. ऊन चढलं की पाणी सुटतं आणि वरचा थर भुसभुशीत निघतो. पहिल्याच रात्री गोठलेल्या काँक्रीटची ताकद निम्म्यापर्यंत घटू शकते. नंतर कितीही पाणी मारलं तरी ती परत येत नाही.

मग करतात काय?

पाणी गरम करतात. साधारण ६० अंशांपर्यंत तापवलेलं पाणी आधी खडी-वाळूत फिरवायचं आणि सिमेंट शेवटी टाकायचं. उकळतं पाणी थेट सिमेंटवर ओतलं तर माल मिक्सरमध्येच आवळून बसतो. वाळूत बर्फाचे गोळे नकोत, सेंट्रिंगवर आणि सळईवर बर्फ नको, गोठलेल्या जमिनीवर तर पाया भरायचाच नाही. ती जमीन उन्हाळ्यात सैल झाली की पाया खचतो.

पाणी मोजूनच घालायचं. ५० किलोच्या गोणीला साधारण २२ लिटर, तेही वाळूतला ओलावा धरून. 'माल पातळ कर, पसरायला सोपा जातो' ही सवय तिथे फार महागात पडते, कारण जास्तीचं पाणी म्हणजे गोठायला जास्तीचं पाणी. सिमेंट शक्यतो ओपीसी वापरतात. आपल्या दुकानांत सर्रास मिळणारं पीपीसी सुरुवातीला ताकद हळू धरतं. हिवाळाभर पडून असलेली गोणी तपासल्याशिवाय घेऊ नये, हेही आलंच. काँक्रीटमध्ये बारीक हवेचे बुडबुडे धरणारं रसायनही मिसळतात. पुढे दर हिवाळ्यात गोठणाऱ्या पाण्याला त्यामुळे फुगायला जागा मिळते. मीठ किंवा कॅल्शियम क्लोराइड टाकून काम लवकर उरकायचा मोह मात्र सळईला गंज लावतो.

ओतकाम सकाळी ऊन आल्यावर सुरू करून दुपारपर्यंत संपवायचं. मग लगेच प्लास्टिक, त्यावर पेंढा किंवा गोणपाट आणि वरून ताडपत्री. सिमेंट स्वतःच उष्णता सोडतं, तीच आत कोंडून ठेवायची. पाणी साचवून ठेवणं थंडीत घातकच. पण उघडंही टाकता येत नाही, कारण तिथला कोरडा वारा वरचं पाणी ओढून घेतो आणि तडे जातात. सेंट्रिंग आपल्यापेक्षा बरेच दिवस जास्त ठेवावं लागतं. उब देण्यासाठी खाली शेगडी पेटवली तर धूर बाहेर जाईल अशी सोय हवी. कोंडलेल्या धुराने काँक्रीटचा पृष्ठभाग पिठासारखा होतो, आणि माणसाच्या जिवालाही धोका असतो.

सगळंच काँक्रीटचं घर हवं का?

ऑगस्ट २०१० मध्ये लेहला ढगफुटी झाली, चिखलाच्या लोंढ्यात मातीची घरं वाहून गेली. त्यानंतर काँक्रीटवरचा भरवसा वाढला. पण काँक्रीटच्या भिंतीतून उब भराभर बाहेर जाते. जुन्या लडाखी घरात उन्हात वाळवलेल्या विटांच्या जाड भिंती आणि पॉप्लरच्या लाकडावर मातीचं धाबं असे. मराठवाड्यातल्या माळवदाची आठवण यावी असंच ते. मधला मार्ग शहाणपणाचा वाटतो: पाया, जोतं आणि खिडक्यांवरून फिरणारा पट्टा काँक्रीटचा, कारण भाग भूकंपाचाही आहे. भिंती जाड मातीच्या, आणि दक्षिणेला मोठी काच.

आपल्याकडे निफाडला काही हिवाळ्यांत पारा ५ अंशांखाली उतरतो. अशा दिवसांत स्लॅब असेल तर सकाळी ओतावा, रात्री झाकावा आणि सेंट्रिंग खोलायला दोन-चार दिवस जास्त थांबावं.