गवताचा भाव आणि आषाढातली खावटी

टिटवाळ्याला आपण उतरतो ते गणपतीसाठी. याच गावी ७ जानेवारी १९४५ रोजी महाराष्ट्रातल्या किसान सभेचे पहिले अधिवेशन भरले होते, हे कल्याण-डोंबिवलीत फार थोड्यांना ठाऊक असते. उंबरगाव तालुक्यातून काही वारलीही त्याला आले होते. पुढे शामराव आणि गोदावरी परुळेकर त्यांच्या पाड्यांवर गेले आणि ऑक्टोबरात गवतकापणीचा संप झाला. मागणी एका ओळीची होती : पाचशे पौंड गवत कापायला अडीच रुपये. तलवाड्याला जमलेल्या वारल्यांवर गोळीबार झाला, पाच जण मेले.

काँग्रेसचे बाळासाहेब खेर दुसऱ्या टोकाचे. पण ठेकेदार त्यांनाही सलत होता. आदिवासींच्या पिळवणुकीवरचा सिमिंग्टन यांचा अहवाल त्यांच्याच पहिल्या कारकिर्दीतला. १९४७ पासून मुंबई सरकारने जंगल कामगार सहकारी सोसायट्या काढल्या. जंगलाचे कूप लिलावात ठेकेदाराला न देता तोडणाऱ्यांच्याच सोसायटीला द्यायचे, मजुरीही त्यांची आणि नफ्यातला वाटाही. या घाईमागे लाल बावट्याची धास्ती होती, असे माझे मत आहे. म्हणून योजना वाईट ठरत नाही. पण हिशेबाची वही बहुधा शिकलेल्या कार्यकर्त्याच्या हाती राहिली, सभासदाच्या हाती अंगठ्याची शाई. पुढे १२ डिसेंबर १९९६ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने मंजूर कार्य-आयोजनेबाहेरची वृक्षतोड थांबली, आणि केवळ तोडीवर जगणाऱ्या संस्थांचा पायाच खचला.

भाव मिळूनही माणूस सावकाराकडे का जातो? उत्तर पावसाळ्यात आहे. आषाढ-श्रावणात घरातले धान्य संपते. तेव्हा उचललेली खावटी कापणीनंतर फेडायची, तीही देणाऱ्याच्या मापाने. म्हणजे पिकाचा भाव पीक उभे राहण्याआधीच ठरलेला असतो!

हे दुखणे आपल्यापुरते नाही. मेक्सिकोतल्या छोट्या कॉफी उत्पादकांसाठी १९८८ साली हॉलंडमध्ये ‘मॅक्स हॅवेलार’ हा शिक्का निघाला. आज जगभर ‘फेअर ट्रेड’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या व्यवहारात किमान भावाइतकीच मोलाची अट आगाऊ रकमेची आहे : सहकारी संस्थेने मागितल्यास खरेदीदाराने कराराच्या साठ टक्क्यांपर्यंत रक्कम आधी द्यायची. आपल्याकडे १९७६ च्या कायद्याने आदिवासींच्या मालाची एकाधिकार खरेदी आणि कर्ज यांची सांगड घातली होती, खावटी कर्जही सरकारने सुरू केले. कल्पना तीच. मात्र सरकारी कर्ज मृगाआधी पोचले तरच कामाचे. सावकार कागद मागत नाही आणि तारीख चुकवत नाही.

आता शहापुरात कातकरी तरुण वनधन केंद्रामार्फत गुळवेल गोळा करून थेट आयुर्वेदिक औषध कंपन्यांना विकतात. टिटवाळ्याहून हे अंतर फार नाही. तिथे भेटणाऱ्याने दर किलोमागे काय मिळते हे तर विचारावेच, पण वजन कोण करते आणि पैसे कोणत्या महिन्यात हातात पडतात, हेही विचारावे.