‘सिंधुदुर्ग’ किती अक्षरांचा? एका बिघाडाची कुळकथा

‘सिंधुदुर्ग’ हा शब्द यूटीएफ-८ मध्ये साठवून सी भाषेला मोजायला दिला तर उत्तर येते ३०. पीएचपी ३० सांगते, गो ३० सांगते. जावा, जावास्क्रिप्ट आणि पायथन ३ मात्र १० म्हणतात. मालवणच्या जेटीवर उभ्या असलेल्या कुणालाही विचारा, तो बोटांवर मोजून चार सांगेल: सिं, धु, दु, र्ग. यातले एकही उत्तर चुकीचे नाही. प्रत्येकाने मोजलेली वस्तू वेगळी आहे, आणि काय मोजायचे हे त्या त्या भाषेच्या जन्मसालाने ठरवून ठेवले आहे. मराठी मजकूर प्रोग्रॅममध्ये गेला की कधी मोडतो, कधी अर्ध्यात कापला जातो, कधी डोळ्यांसमोर असून शोधाला सापडत नाही. या तक्रारी वेगवेगळ्या दिसल्या तरी त्यांचे मूळ या तीन आकड्यांत आहे. कुडाळ-कणकवलीकडे प्रोग्रॅमिंग शिकणाऱ्या मुलांना म्हणूनच माझे सांगणे असते, की एरर आला तर त्यावरचा उतारा शोधण्याआधी त्याचे कूळ शोधा.

सप्टेंबर १९४७ मध्ये हार्वर्डच्या संगणकात सापडलेल्या, बिघाडाचे कारण ठरलेल्या पतंगाची गोष्ट पाठ्यपुस्तकांतून सर्वांना ठाऊक झाली आहे. तो पतंग चिमट्याने उचलून नोंदवहीत चिकटवता आला. आपला बिघाड तसा उचलून टाकता येत नाही, कारण तो यंत्रात बाहेरून शिरलेला नाही. आपल्या लिपीचा विचार न करता घेतलेल्या जुन्या निर्णयांतून तो जन्माला आला आहे.

पहिला निर्णय १९६३ सालचा. अमेरिकेत ॲस्की हे प्रमाण ठरले, त्यात जागा १२८. इंग्रजी अक्षरे, अंक, विरामचिन्हे आणि यंत्राला द्यायच्या काही सूचना एवढ्यांचाच विचार त्यात होता. १९७२ च्या सुमाराला बेल लॅब्जमध्ये सी भाषा घडली तेव्हा एक अक्षर म्हणजे एक बाइट हे गृहीतच होते. रत्नागिरीतून वेगळा होऊन सिंधुदुर्ग जिल्हा झाला १ मे १९८१ रोजी, आणि त्याच वर्षी १२ ऑगस्टला आयबीएमने आपला पर्सनल कॉम्प्युटर बाजारात आणला. जिल्हा आणि यंत्र एकाच सालचे, पण जिल्ह्याचे नाव लिहायला त्या यंत्रात एकही जागा नव्हती.

ती जागा करून दिली आपल्याच लोकांनी. कानपूरच्या आयआयटीत मोहन तांबे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतीय लिप्या संगणकावर आणण्याचे काम केले, त्यातून जिस्ट हे तंत्र उभे राहिले आणि १९८८ साली पुण्यात सी-डॅक स्थापन झाल्यावर ते तिथे वाढले. इस्की हे भारतीय प्रमाण १९९१ साली मानक ब्युरोने स्वीकारले. त्यामागचा विचार मोठा होता: ब्राह्मीपासून निघालेल्या सगळ्या लिप्यांना एकच मांडणी, म्हणजे मराठीतला ‘क’ आणि तेलुगूतला ‘क’ एकाच क्रमांकावर. त्याच मांडणीचा १९८८ चा मसुदा युनिकोड या जागतिक प्रमाणाने उचलला आणि १९९१ पासून देवनागरी त्याच क्रमाने जगभर गेली.

सामाईक मांडणीत ‘ळ’ बसला ‘ल’च्या शेजारी. मराठी वर्णमालेत तो ‘ह’च्या पुढे येतो. म्हणून कुठल्याही भाषेतले साधे सॉर्ट वापरून तालुक्यांची यादी लावली की मालवण, माळशिरस, मावळ असा क्रम लागतो. मराठी शब्दकोश मात्र मालवण, मावळ, माळशिरस असा लावील. पायथन बदलून जावा घेतली तरी हा दोष जात नाही, कारण तो भाषेचा नाहीच, क्रमांकाचा आहे. त्यावर उपाय एकच, की वर्णक्रम मराठीचा हवा असे स्पष्ट मागायचे. जावास्क्रिप्टमध्ये ते काम इंटल कोलेटर करतो, इतर बहुतेक भाषांत आयसीयू नावाची लायब्ररी.

युनिकोड कागदावर आला तरी आपल्या टेबलांवर यायला वेळ लागला. विंडोज २००० सोबत र. कृ. जोशी यांनी रेखाटलेला मंगल हा फॉन्ट आला, तोवर आणि त्यानंतरही कित्येक वर्षे, छापखाने आणि कार्यालये श्री-लिपी, शिवाजी, कृतीदेव अशा फॉन्टांवर चालली. त्यांत फाइलीत साठत होती लॅटिन अक्षरे, फक्त अंगावर देवनागरीचा पोशाख. शिवाय क्रम डोळ्यांना दिसेल तसा: वेलांटी आधी आणि व्यंजन मागून, रफार तर अक्षराच्याही नंतर. युनिकोडचा क्रम उच्चाराचा आहे. त्यात ‘सि’ म्हणजे आधी स, मग वेलांटी; ‘र्ग’ म्हणजे आधी र, मग पाय मोडणारी हलन्ताची खूण, मग ग. या दोन पद्धतींच्या सांध्यावर जिल्ह्याच्या नावाचा किती छळ झाला आहे! पीडीएफमधून मजकूर उचलून पाहा, ‘सिंधुदुगर्’ असे काहीतरी हाती येते. डोळ्यांना रफार गच्या डोक्यावर, म्हणजे गच्या नंतर दिसला, प्रोग्रॅमने तो तसाच नंतर लिहिला. हे रूप दिसले की समजावे, मजकूर दिसण्याच्या क्रमातून आला आहे आणि त्याला उच्चाराच्या क्रमात आणणारा टप्पा कुठेतरी गळला आहे.

आता आकडे. ३० हा बाइटांचा आकडा. सप्टेंबर १९९२ मध्ये न्यू जर्सीतल्या एका खाणावळीत केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी जेवणाच्या टेबलावरच्या कागदी पट्टीवर यूटीएफ-८ ची आखणी केली. तिच्यात इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो आणि देवनागरीतल्या प्रत्येक खुणेला तीन. ‘सिंधुदुर्ग’मध्ये स, वेलांटी, अनुस्वार, ध, उकार, द, उकार, र, हलन्त आणि ग अशा दहा खुणा आहेत, त्यांचे तीस बाइट. पुढे २००९ मध्ये याच दोघांनी रॉबर्ट ग्रिझमर यांच्यासह गो भाषा जाहीर केली, म्हणून गो बाइट मोजते ते जाणूनबुजून. सी आणि पीएचपी मोजतात ते जुन्या सवयीने. पीएचपीची सहावी आवृत्ती युनिकोडवर उभी करायचा घाट घातला होता, तो २०१० मध्ये सोडून दिला गेला.

१० हा खुणांचा आकडा, पण तिथेही पोटभेद आहे. जावाची पहिली आवृत्ती जानेवारी १९९६ ची. तेव्हा जगातल्या सगळ्या लिप्या ६५,५३६ जागांत मावतील असा समज होता, म्हणून जावाने एका अक्षराला सोळा बिट ठरवून टाकले. त्याच वर्षी जुलैमध्ये युनिकोड २.० आले आणि त्या मर्यादेपलीकडे जायची वाट त्याने आखली. सहा महिन्यांच्या त्या चुकामुकीची किंमत जावा आणि तिच्याच वेळची जावास्क्रिप्ट अजून मोजतात. पायथनने डिसेंबर २००८ मध्ये तिसरी आवृत्ती काढताना जुन्याशी असलेले नाते तोडले आणि पुढे ३.३ आवृत्तीपासून सगळीकडे सरळ खुणा, म्हणजे कोड पॉइंट, मोजायला सुरुवात केली. जुने प्रोग्रॅम मोडले, वर्षानुवर्षे कुरकुर झाली, पण मराठीच्या बाजूने पाहता तो निर्णय शहाणपणाचा होता असे माझे ठाम मत आहे.

तरीही पायथनमध्ये एक जुनी खाच राहिली आणि ती आपल्या जिल्ह्यातच फार छान पाहायला मिळते. आठही तालुक्यांची नावे यूटीएफ-८ मध्ये, प्रत्येकी एका फाइलीत ठेवा. भारतीय इंग्रजीवर चालणाऱ्या विंडोजवर त्या फाइली पायथन ३ ने उघडा, एन्कोडिंग न सांगता. आजवर सर्रास वापरात असलेल्या आवृत्त्या अशा वेळी विंडोजचा जुना १२५२ हा तक्ता, म्हणजे कोणता बाइट कोणते अक्षर याची यादी, गृहीत धरतात. मालवण, देवगड, कणकवली, सावंतवाडी आणि वैभववाडी या पाच फाइली विनातक्रार उघडतील, पण आत कचरा दिसेल. कुडाळ, वेंगुर्ला आणि दोडामार्ग या तिघांवर प्रोग्रॅम थांबेल आणि अमुक बाइट वाचता येत नाही असे सांगेल.

असा भेदभाव का? त्या तक्त्यात पाच जागा रिकाम्या आहेत, हेक्स पद्धतीत ८१, ८डी, ८एफ, ९० आणि ९डी. देवनागरीतल्या ह्रस्व उकाराचा शेवटचा बाइट ८१ आहे, हलन्ताचा ८डी, ‘ए’चा ८एफ, ‘ऐ’चा ९०, ‘झ’चा ९डी. कुडाळ आणि वेंगुर्ला उकारावर अडखळतात, दोडामार्ग रफारातल्या हलन्तावर. बाकीच्या पाच नावांत यातले काहीच नाही. म्हणजे ‘काल चालत होते, आज एक नवे नाव घातले आणि बंद पडले’ ही तक्रार खरी असते, आणि त्या नव्या नावाचा काडीचाही दोष नसतो. फाइल उघडताना एन्कोडिंग यूटीएफ-८ आहे एवढे लिहिले की आठही तालुके सुखरूप येतात. मला तर थांबलेल्या तीन फाइलींपेक्षा निमूट उघडलेल्या पाचांची धास्ती जास्त वाटते. चूक झाल्याचे त्यांत कुणी सांगतच नाही.

त्या पाचांतला कचराही ओळखीचा आहे. डोक्यावर तिरपी रेघ असलेला लॅटिन ए आणि त्यामागे गोल चलनचिन्ह किंवा येनचे चिन्ह ही जोडी पुन्हा पुन्हा दिसते, कारण देवनागरीच्या प्रत्येक खुणेचे पहिले दोन बाइट ई० ए४ किंवा ई० ए५ असतात. ही जोडी दिसली तर जिवात जीव येऊ द्या, मजकूर शाबूत आहे, वाचणाऱ्याने चुकीचा तक्ता धरला आहे. एक्सेलमध्ये सीएसव्ही फाइल उघडल्यावर दिसते ती हीच. रिकामे चौकोन दिसले तर बहुधा फॉन्टची कमतरता. आणि ओळीने प्रश्नचिन्हे दिसली तर मात्र वाईट बातमी. मराठीला जागा नसलेल्या तक्त्यात मजकूर ओतला गेला आणि प्रत्येक खुणेच्या जागी प्रश्नचिन्ह कायमचे लिहिले गेले. स्वीडनमध्ये जन्मलेल्या मायएसक्यूएल या डेटाबेसचा मूळ तक्ता २०१८ मधल्या आठव्या आवृत्तीपर्यंत लॅटिन-१ होता, वर्णक्रमसुद्धा स्वीडिश. तारकर्ली-देवबागच्या निवास-न्याहारीची यादी जुन्या सर्व्हरवर चढवणाऱ्याने हे आधी तपासावे. गेलेली अक्षरे कुठल्याही आज्ञेने परत येत नाहीत.

उरला ४ हा आकडा, माणसाचा. ‘सिंधुदुर्ग’ उलटा लिहायला सांगा. पायथन दहा खुणा उलट्या क्रमाने मांडते आणि तयार होते ‘ग्रुदुधंिस’. दचा उकार रला चिकटला, रफाराचा रकार झाला, वेलांटी बेवारस पडली. पीएचपीने शीर्षक वीस बाइटांवर कापले तर सहा खुणा पुऱ्या आणि सातवीचे दोन बाइट लोंबकळत उरतात. मल्टिबाइटची फंक्शने वापरली तर बाइट तुटत नाही, पण मात्रा व्यंजनापासून तुटू शकते. खरा उपाय म्हणजे ग्राफीम, म्हणजे माणसाला दिसणारे अख्खे अक्षर, मोजणारी फंक्शने, आणि तीही फार काळ ‘सिंधुदुर्ग’ला पाच म्हणत होती, कारण ‘र्ग’चे दोन तुकडे पडायचे. जोडाक्षर अखंड धरायचा नियम सप्टेंबर २०२३ मधल्या युनिकोड १५.१ ने घातला. मालवणच्या जेटीवरचे उत्तर प्रमाणात यायला इतकी वर्षे लागली.

शोध फसण्याची तऱ्हा आणखी निराळी. ‘किनाऱ्यावर’मधला ऱ्य दोन रीतींनी टाइप होतो: ‘ऱ’ या स्वतंत्र खुणेने, किंवा साधा र, हलन्त आणि न दिसणारा जोडक यांनी. पडद्यावर दोन्ही सारखेच, यंत्राला दोन वेगळे शब्द. ‘ॲ’चेही तसेच. मराठीसाठी तो स्वतंत्र स्वर २००८ मध्ये युनिकोड ५.१ ने दिला, त्याआधीची सगळी ‘अॅप’ आणि ‘अॅड’ अ पुढे चंद्र टाइप करून झालेली आहेत. एकाच अक्षराची वेगळी रूपे जुळवणारे युनिकोडचे नॉर्मलायझेशनही या दोन्ही जोड्यांना एक करत नाही. मजकूर साठवतानाच एक रूप ठरवून दुसरे बदलून घेणारे चार ओळींचे फंक्शन लिहावे, भाषा कोणतीही असो.

आपला प्रोग्रॅम किती तयारीचा आहे ते पाहायचे असेल तर मोडी घाला. शिवकाळातला पत्रव्यवहार ज्या लिपीत चालला ती मोडी २०१४ मध्ये युनिकोड ७.० मध्ये आली, पण त्या ६५,५३६ जागांच्या पलीकडे. मोडीतला ‘मालवण’ पायथन ३ ला पाच खुणांचा दिसतो, जावाला दहाचा, गोला वीस बाइटांचा. मायएसक्यूएलचा जुना तीन बाइटांचा यूटीएफ-८ तर तो नाकारतो किंवा तिथून पुढचा मजकूर कापतो. त्यासाठी २०१० मध्ये आलेला चार बाइटांचा तक्ता निवडावा लागतो.

शेवटी एक विनंती, ग्रंथालये, शाळा, देवस्थाने आणि नाटक मंडळींना. तुमच्याकडे नव्वदीतल्या स्मरणिका, गावाचे इतिहास, दशावताराची आख्याने जुन्या फॉन्टांत टाइप केलेली पडून असतील. त्या फाइलींबरोबर तो फॉन्टही जपून ठेवा, आणि त्याचे नाव फाइलीच्या नावातच लिहा. कोणती लॅटिन खूण कोणत्या मराठी अक्षराचा पोशाख घालून बसली आहे हे फक्त त्या फॉन्टला माहीत असते. फॉन्ट हाताशी असेल तर कुडाळच्या एखाद्या महाविद्यालयातली मुले काही दिवसांत तो मजकूर युनिकोडमध्ये आणून देऊ शकतील.